पद्मिनी उठत नाही: चार्जिंग बिघडलंय की इग्निशन?

मे महिन्यात पोरं येऊन गेली तेव्हा गाडी धडधाकट होती. मग पाऊस लागला, गाडी पडवीच्या कडेला पत्र्याखाली गेली, वर ताडपत्री पडली आणि पुढचे तीन महिने तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. आता चतुर्थी तोंडावर आली, माटवीचं, म्हणजे गणपतीवरच्या सजावटीचं, सामान आणायचंय, आणि किल्ली फिरवली की नुसतं 'कट्'. अशा वेळी निदान तयारच असतं: "बॅटरी गेली, नवीन टाका." नवीन बॅटरी येते, गाडी एका सेल्फमध्ये उठते, सगळे खूश. दसऱ्यापर्यंत ती नवीन बॅटरीही मान टाकते.

बॅटरी गेली हे कधीकधी खरंही असतं. पण बऱ्याचदा तिला भरणारं काही चालू नसतं, नाहीतर भरलेलं बाहेर जायला वाट नसते. कोकणच्या किनाऱ्यावर जुनी गाडी सांभाळायची तर माझं एकच म्हणणं आहे. इथे भाग जळण्याच्या आधी सांधे मरतात, म्हणून भाग बदलण्याच्या आधी सांधा मोजायचा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने खारं वारं असतं. तांब्याला, शिशाला आणि पत्र्याला याहून वाईट हवा शोधून सापडायची नाही.

पद्मिनी, जुनी पेट्रोल अँबेसेडर किंवा जीप असेल तर एक मोठी सोय आहे. यांच्यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून फियाट 1100 डिलाइट म्हणून निघालेली आणि पुढे पद्मिनी झालेली गाडी काय, 1958 पासून 2014 पर्यंत निघत राहिलेली अँबेसेडर काय, जुन्या पेट्रोल मॉडेलांच्या वायरिंगचा नकाशा एका कागदावर मावतो. एक साधा मल्टिमीटर आणि दोन वायरींना जोडलेला 12 व्होल्टचा बल्ब, म्हणजे टेस्ट लॅम्प, एवढ्यावर बहुतेक दोष सापडतात.

आधी बाजू ठरवा

गाडीतल्या विजेची कामं दोन. एक, इंजिन फिरत असताना वीज तयार करून बॅटरी भरणं, म्हणजे चार्जिंग. दुसरं, त्याच विजेतून प्लगवर ठिणगी पाडणं, म्हणजे इग्निशन. दोन्ही एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे गोंधळ होतो. बॅटरी अशक्त असली की सेल्फ मारताना व्होल्टेज खाली जातं, कॉइलला, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज चढवणाऱ्या भागाला, पुरेसं मिळत नाही आणि ठिणगी मरते. मग माणूस प्लग काढून घासत बसतो, आणि दोष असतो अर्थच्या पट्टीत, म्हणजे इंजिनला बॉडीशी जोडणाऱ्या तांब्याच्या पट्टीत.

इंजिन सेल्फवर नेहमीच्या वेगात गरगर फिरतंय पण पकडत नाही, तर इग्निशन किंवा पेट्रोल. इंजिन फिरतच नाही, किंवा रडतरखडत फिरतं, तर बॅटरी, तिच्या केबल किंवा सेल्फ. आणि तिसरा प्रकार थोडा फसवा: सेल्फ मारत असताना इंजिन पकडत नाही, पण किल्ली सोडल्यासोडल्या एकदा 'भुर्र' करतं. किल्ली सोडली की सेल्फने ओढलेला करंट थांबतो, कॉइलला पुन्हा पूर्ण व्होल्टेज मिळतं आणि तेवढ्या क्षणात ठिणगी पडते. असं झालं की प्लगच्या मागे न लागता बॅटरीकडे वळावं.

बॅटरीचे चार आकडे

गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी, काहीही चालू न करता, बॅटरीच्या दोन खुंट्यांवर मीटर लावा. 12.6 च्या आसपास म्हणजे भरलेली. 12.4 म्हणजे साधारण पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी, आणि 12.0 ला पाव भागही उरलेला नसतो. लोक 12 बघून "बारा व्होल्ट आहेत की!" म्हणतात. बारा म्हणजे जवळजवळ रिकामी.

आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटर तिथेच ठेवा. आकडा साडेनऊ-दहाच्या खाली गेला नाही तर बॅटरी ठीक. भरलेली असूनही सात-आठवर कोसळत असेल तर एखादा सेल बसलाय किंवा सेल्फच जाम होऊन भलता करंट ओढतोय. मग इंजिन चालू करून थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्या: 13.8 ते 14.4 दिसलं तर चार्जिंग चालू आहे. 12.6 च्या खालीच रेंगाळत असेल तर चार्जिंग नाही. 15 च्या वर जात असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय आणि बॅटरी उकळतेय. पाणी सारखं कमी होण्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

उभ्या गाडीची बॅटरी आपोआपही उतरते. उष्णतेत जास्त. साधारण दहा अंश तापमान वाढलं की आतल्या आत झिजण्याचा वेग दुपटीच्या जवळ जातो. उतरलेल्या अवस्थेत महिना-दोन महिने राहिली की प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि मग चार्जरवर कितीही ठेवा, ती पूर्वीसारखी होत नाही. त्यामुळे पावसाळ्यात गाडी झाकून ठेवणाऱ्याने बॅटरी काढून घरात ठेवावी आणि महिन्यातून एकदा चार्जरला लावावी. हे सगळ्यांना ठाऊक असतं, करत कुणीच नाही.

बॅटरी सोडवताना बॉडीला जोडलेली केबल आधी सुटली पाहिजे आणि लावताना शेवटी. नाहीतर पाना एका टोकाला खुंटीला आणि दुसऱ्या टोकाला पत्र्याला लागला की जे होतं ते एकदा बघितलं तरी पुरे. आणि कुठली केबल बॉडीला आहे हे स्वतः बघा. 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला असायचं. अशी गाडी हाताशी असेल तर नवीन बॅटरी सवयीने उलटी बसवली जाते.

सांधा: इथे थांबायला हवं

पोफळीच्या बागेत पाटाने पाणी सोडतात ते आठवा. पाटात मध्येच पाचोळा अडकलाय, पण खालचं तोंड बंद आहे आणि पाणी उभं आहे, तर दोन्हीकडे पातळी सारखीच दिसते. तोंड उघडून पाणी वाहू द्या, की अडथळ्याच्या वर पाणी तुंबतं आणि खाली खडखडाट. विजेचं अगदी तसंच. गंजलेल्या सांध्यावर काही चालू नसताना मीटर लावलात तर दोन्हीकडे 12.6 दिसेल आणि तुम्ही म्हणाल, सांधा चांगला आहे. मोजायचं ते करंट वाहत असताना.

आकड्यात बघू. जुन्या गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढतो. वाटेत एखाद्या सांध्यात ओहमचा फक्त शंभरावा भाग अडथळा असेल, तर दीडशे अँपिअरवर तिथे दीड व्होल्ट खाल्ले जातात. घरगुती मीटर ओहमवर लावून हा शंभरावा भाग दिसणारच नाही, तो शून्यच दाखवेल. म्हणून ओहम मोजत बसू नये, व्होल्ट मोजावेत.

कृती अशी. मीटर डीसी व्होल्टवर. एक काडी बॅटरीच्या अर्थच्या खुंटीवर, क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटीवरच. दुसरी काडी इंजिनच्या ब्लॉकवर, रंग नसलेल्या जागी. सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी दिसलं तर अर्थ चालेल, 0.2 च्या आत असेल तर उत्तम. एक-दीड व्होल्ट दिसला तर चोर याच वाटेवर आहे. मग एकेक टप्पा घ्या: खुंटी ते क्लॅम्प, क्लॅम्प ते केबलचं दुसरं टोक, तिथून बॉडी, बॉडी ते इंजिन. जिथे आकडा उडी मारतो तो सांधा. हाच खेळ दुसऱ्या बाजूला बॅटरीच्या खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत करायचा.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं. त्यांना जोडते ती एक विणलेली तांब्याची पट्टी. ती गाडीच्या खाली, चिखल उडतो तिथे असते. आमच्याकडच्या एका अँबेसेडरमधली अशी पट्टी मी काढलेली बघितली आहे. बाहेरून हिरवी पावडर, पण आकार शाबूत. बोटात धरून वाकवली तर मधले धागे शेवेसारखे मोडले. उरलेल्या आठ-दहा धाग्यांवर सेल्फ चालत होता, आणि करंट दुसरी वाट म्हणून चोकच्या तारेतून जात होता. चोकची तार गरम लागते ही तक्रार कधी ऐकलीत तर हसू नका. अर्थची पट्टी बघा.

केबलच्या टोकाला दाबलेला जो लग असतो, त्याचीही गंमत आहे. वरून टिकलीसारखा चकचकीत, पण कातडं थोडं मागे सोललं की आतलं तांबं काळं पडलेलं. खारा दमटपणा धाग्यांमधून आत आत चढत जातो, कधीकधी वीतभर. अशा केबलला नुसता नवीन लग दाबून उपयोग नाही. कापत कापत लाल, चमकदार तांबं लागेपर्यंत मागे जावं लागतं, आणि तोवर केबल आखूड झालेली असते. सरळ नवीन केबल घ्यावी, आणि जाड घ्यावी. दुकानात तीच लांबी अर्ध्या किमतीत मिळाली तर आतला धागा मोजून बघा.

बॅटरीच्या खुंटीवरचं पांढरं-हिरवं पीक खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतलं जातं. झाकणं घट्ट असू द्या, सोडा सेलमध्ये जाता कामा नये. खुंटी आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने उजळवून, कोरडं घट्ट आवळून, मग वरून पेट्रोलियम जेली. आधी जेली लावून मग आवळणं उलट काम आहे.

डायनामो आणि त्याचा कटआउट

बेल्टवर फिरून वीज तयार करणारं यंत्र म्हणजे जुन्या गाड्यांत डायनामो, नंतरच्यांत अल्टरनेटर. डायनामो बिघडत नाही तेव्हाही तो फार काही देत नाही, हे नव्या मालकांना पटवणं कठीण जातं. लुकास कंपनीच्या सी 40 सारख्या डायनामोची कमाल मर्यादा सुमारे 22 अँपिअर, तीही इंजिन चांगलं फिरत असताना. संथ फिरणाऱ्या इंजिनवर तो जवळपास काहीच देत नाही. आता हिशेब करा: दोन हेडलाइट 45 वॉटचे, म्हणजे साडेसात अँपिअर. मागचे दिवे आणि डॅशबोर्ड, दोन. इग्निशन तीन-चार, वायपर तीन-चार. सोळा-सतरा झाले. पावसातल्या रात्री परशुराम घाटात ट्रकांच्या मागे गाडी खोळंबली की हे सगळं बॅटरीतून जातं. त्यात हौसेने 100 वॉटचे हॅलोजन टाकलेले असतील तर दोषाचं नाव डायनामो ठेवू नये.

डॅशबोर्डवरचा लाल दिवा ओळखायला शिकलात की निम्मं काम झालं. त्याचं एक टोक इग्निशनच्या किल्लीमार्गे बॅटरीला, दुसरं डायनामोला. दोन्ही टोकांचं व्होल्टेज वेगळं असेल तेव्हा तो पेटतो. किल्ली चालू, इंजिन बंद: एकीकडे बारा, दुसरीकडे शून्य, दिवा लागतो. इंजिन फिरलं, डायनामोने बॅटरीची बरोबरी केली: दिवा विझतो. इंजिन पळवूनही लालच राहिला तर चार्जिंग नाही. मंद, लाल डोळ्यासारखा मिणमिणत राहिला तर मध्ये कुठेतरी अडथळा आहे, बहुधा कटआउटचे, म्हणजे डायनामो आणि बॅटरी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे, पॉइंट काळे पडलेत किंवा एखादं टोक सैल आहे. आणि किल्ली फिरवल्यावर लागलाच नाही तर आधी बल्ब बघा.

सगळ्यात पहिलं, फॅनबेल्ट. लांब बाजूच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर साधारण 12 ते 15 मिलिमीटर दबला पाहिजे. पावसात किंचाळणारा बेल्ट पुलीवर घसरत असतो.

बेल्ट ठीक असेल तर डायनामो एकट्याला पकडायचं. लुकास घडणीच्या डायनामोवर दोन टर्मिनल असतात: जाड वायरीचं डी आणि बारीक वायरीचं एफ. दोन्ही वायरी काढा. दोन्ही टर्मिनल एका छोट्या तारेने आपसांत जोडा, मीटर त्या तारेवर आणि बॉडीवर लावा. इंजिन संथ सुरू करून हळूहळू वाढवा. आकडा भराभर चढून वीस व्होल्टपर्यंत गेला की थांबा, डायनामो ठणठणीत आहे. याहून पळवू नका, कारण त्या घडीला त्याला आवरणारं कुणी नसतं. आकडा हललाच नाही तर कार्बन ब्रश अडकलेत किंवा झिजलेत. एखाद्या व्होल्टवर रेंगाळला तर फील्ड कॉइल (चुंबकत्व देणारी स्थिर गुंडाळी), चार-पाचवर अडला तर आर्मेचर (फिरणारी गुंडाळी). डायनामो वीस देतोय पण बॅटरीला पोचत नाही, म्हणजे दोष वायरीत किंवा रेग्युलेटरच्या डबीत.

कार्बन अडकणं हा पुराच्या पाण्यातून गेलेल्या गाड्यांचा ठरलेला आजार. 22 जुलै 2021 ला चिपळूणात पाणी शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या बॉनेटच्या वर बुडाल्या. नुसत्या धुऊन-पुसून बाहेर काढलेल्या अशा गाडीत डायनामो आणि सेल्फच्या आत वाळलेला गाळ राहतो आणि ब्रश आपल्या खाचेत सरकत नाहीत. उघडून, पेट्रोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने कम्युटेटर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग, पुसावा. घासायचाच तर बारीक काचपेपर. काळा एमरी नको, त्याचे कण तांब्याच्या फटींत बसून शॉर्ट करतात.

बराच काळ पडून राहिलेल्या डायनामोची एक वेगळीच खोड असते. तो स्वतःच्या लोखंडात उरलेल्या थोड्याशा चुंबकत्वावर सुरू होतो, आणि तेच कधीकधी संपतं. सगळं चांगलं असूनही तो जागा होत नाही. त्यावेळी एफ टर्मिनलची वायर काढून, बॅटरीच्या लाइव्ह टोकाची एक तार त्या टर्मिनलला दोन-तीनदा क्षणभर टेकवायची. जुने वायरमन याला 'फ्लॅश देणं' म्हणतात. ज्या गाडीचं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह बदललंय तिथे हे करावंच लागतं.

रेग्युलेटरच्या डबीत कटआउट असतो. डायनामो कमी पडला की तो बॅटरीपासून तोडायचं त्याचं काम. हे पॉइंट कधी चिकटून राहिले तर इंजिन बंद केल्यावर बॅटरी उलट डायनामोला वीज देत बसते. त्यातून वायर जळू शकते. गाडी बंद करून खाली उतरल्यावर रबर जळल्याचा वास आला किंवा डायनामोची जाड वायर गरम लागली तर पहिल्यांदा बॅटरी सोडवा, विचार नंतर. डबीचे स्क्रू मात्र अंदाजाने फिरवू नयेत. ती मापं घेऊन बसवलेली असतात.

अल्टरनेटर त्या मानाने सोपा. तो संथ इंजिनवरही करंट देतो, पण अनेक अल्टरनेटरना सुरुवातीचा धक्का त्याच लाल दिव्यातून मिळतो, म्हणून एवढासा बल्ब गेला तरी चार्जिंग बंद पडू शकतं. त्याची अर्थ ब्रॅकेटमधून जाते. ब्रॅकेट हौसेने रंगवून आणला की तक्रार सुरू. आणि एक विनंती: इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टोक काढून "बंद पडतं का बघू" ही परीक्षा गॅरेजात अजून घेतली जाते. डायनामोच्या काळातली ती सवय. अल्टरनेटरवर असं केलं की व्होल्टेज उसळतं आणि आतले डायोड जातात, रेडिओही जाऊ शकतो.

रात्रीतून उतरते

चार्जिंग बरोबर, बॅटरी बरोबर, तरी चार दिवसांनी गाडी मेलेली. म्हणजे कुठूनतरी गळतंय. बॅटरीचं अर्थचं टोक काढून, टोक आणि खुंटी यांच्या मध्ये टेस्ट लॅम्प लावा, सगळं बंद ठेवून. जुन्या गाडीत घड्याळ सोडलं तर काहीच चालू नसावं, लॅम्प अंधारच दाखवायला हवा. लागला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला लॅम्प विझेल तिथे गळती. डिकीतला पाच वॉटचा दिवा चालू राहिला तर दिवसाला दहा अँपिअर-तास जातात, 35 ची बॅटरी साडेतीन दिवसांत खलास. कोणताही फ्यूज काढून फरक पडत नसेल तर डायनामोची वायर आणि हॉर्न बघा, अनेक गाड्यांत या वायरी फ्यूजबाहेरून येतात. आणि पेंढ्याच्या शेजारी उभ्या गाडीत उंदरांनी सोललेली वायर हा काही विनोद नाही. डॅशबोर्डच्या मागे हात घालण्याआधी बॅटरी सोडवा.

ठिणगी

केटरिंग नावाच्या अमेरिकन इंजिनियरने बसवलेली ही पद्धत. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ, दिवे आणि इग्निशन एकत्र आले, आणि पुढची साठेक वर्षं पेट्रोल गाड्या मूळ त्याच कल्पनेवर चालल्या.

बारा व्होल्टांनी प्लगच्या फटीत ठिणगी पडत नाही, त्याला हजारो व्होल्ट लागतात. कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात: जाड तारेचे थोडे वेढे आणि केसासारख्या तारेचे हजारो वेढे. सीबी पॉइंट (करंट जोडणारा-तोडणारा स्विच) मिटलेले असताना जाड गुंडाळीतून करंट जातो आणि चुंबकत्व साठतं. पॉइंट उघडले, करंट तुटला, चुंबकत्व एका झटक्यात कोसळलं, आणि त्या झटक्यात बारीक गुंडाळीत दहा-पंधरा हजार व्होल्ट उठतात. म्हणजे ठिणगी पॉइंट उघडताना पडते, मिटताना नाही. करंट जितका झटकन तुटेल तितकी ठिणगी जोरदार. उघडणाऱ्या पॉइंटमध्ये ज्योत पडू न देता तो तोडणं हे कंडेन्सरचं काम. चार सिलिंडरचं इंजिन तीन हजार आरपीएमवर असताना हे सगळं सेकंदाला शंभर वेळा घडतं.

इंजिन फिरतंय पण पकडत नाही, तेव्हा आधी डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे एकेका प्लगला वीज वाटणाऱ्या भागाच्या, टोपीतली मधली जाड वायर काढा. तिच्या टोकाला एक सुटा प्लग लावून तो ब्लॉकवर टेकवून ठेवा, हातात धरू नका, आणि जवळपास पेट्रोल सांडलेलं नाही याची खात्री करा. सेल्फ मारायला सांगा. निळी, तडतडणारी ठिणगी दिसली तर कॉइलपर्यंत सगळं ठीक, दोष पुढे: टोपीखाली फिरणारा रोटर, टोपी, वायरी, प्लग. पिवळट, बारीक असेल तर कंडेन्सर, पॉइंट किंवा अशक्त बॅटरी. नाहीच, तर दोष मागे.

मागे जायला टेस्ट लॅम्प. एक टोक बॉडीला, दुसरं कॉइलच्या ज्या टर्मिनलवरून वायर डिस्ट्रिब्युटरकडे जाते तिथे. किल्ली चालू करून सेल्फ मारा. लॅम्प लुकलुकला पाहिजे. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटूनही करंट सोडत नाहीत: पॉइंट मळलेत किंवा त्यांची वायर तुटलीय. अजिबात पेटला नाही तर किल्लीकडून कॉइलला पुरवठाच नाही, किंवा पॉइंट उघडत नाहीत, किंवा कंडेन्सर शॉर्ट झालाय. एवढ्या एका बल्बने जे कळतं ते टोपीवर टोपी बदलून कळत नाही.

डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंटला जाणारी एक बोटभर लांबीची लवचिक वायर असते. ठिणगीची वेळ पुढे-मागे करणाऱ्या व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्समुळे आतली प्लेट सतत इकडून तिकडे फिरते, आणि तिच्याबरोबर ही वायर वाकत राहते. काही वर्षांनी आतले धागे तुटतात, वरचं कातडं शाबूत. गाडी संथ चालते, अ‍ॅक्सिलरेटर दिला की मिसिंग मारते, सोडला की पुन्हा ठीक. कार्ब्युरेटर उघडण्याआधी ही वायर चिमटीत धरून हळूच ओढा. रबरासारखी ताणली गेली तर आत तांबं उरलेलं नाही.

पॉइंट काढून उजेडात धरले की त्यांचा इतिहास दिसतो. राखाडी, सपाट पृष्ठभाग चांगला. एका बाजूला टेकडी आणि समोर तेवढाच खड्डा असेल तर एकीकडचा धातू दुसरीकडे गेलाय. टेकडी मोठी झाली की फिलर गेज तिच्यावर टेकतं आणि माप खोटं येतं. निळसर जळलेले पॉइंट कंडेन्सरची तक्रार करतात. गॅप साधारण 0.4 मिलिमीटर, नेमकं माप गाडीच्या पुस्तकातून घ्यावं. कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजत जाते, त्याबरोबर गॅप कमी होतो आणि टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे पडतं. मग गाडी पिकअप घेत नाही, गरम होते. म्हणून आधी गॅप, मग टायमिंग. टायमिंग लावून नंतर गॅप हलवला की टायमिंग पुन्हा हललंच.

कॉइल बदलताना एक गोष्ट हमखास राहून जाते. काही कॉइलना पूर्ण बारा व्होल्ट लागतात, त्यांची जाड गुंडाळी सुमारे तीन ओहमची, करंट चार अँपिअर. काही बॅलास्ट रेझिस्टन्ससोबत, म्हणजे करंट आवरणाऱ्या जास्तीच्या अडथळ्यासोबत, चालायच्या, त्या दीड ओहमच्या. दीड ओहमवाली सरळ बारा व्होल्टवर लावली की आठ अँपिअर जातात आणि पॉइंट काही दिवसांत जळतात. दुकानदार "फिट बसते" म्हणाला तरी मीटर लावून बघा.

आंबा घाट मे महिन्यात चढताना गाडी बंद पडते, वीस मिनिटं थांबलं की सुरू होते. कॉइल आणि कंडेन्सर तापल्यावर असं करतात, पण पेट्रोलची वाफ होऊन पंप अडला तरी लक्षण हेच. त्यामुळे गार व्हायची वाट न बघता, बंद पडल्यापडल्या ठिणगी तपासायची. ठिणगी निळी असेल तर कॉइल निर्दोष, ओलं फडकं गाडीतल्या पेट्रोलच्या पंपावर ठेवा.

पावसाळ्यातला दोष वेगळा. सकाळी टोपीच्या आत दव धरतं आणि खाऱ्या हवेने आलेल्या मिठाच्या पापुद्र्यातून वीज प्लगऐवजी बॉडीकडे पळते. ती जिथून जाते तिथे बॅकेलाइट जळून पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ उमटते. एकदा रेघ पडली की टोपी बादच, पुसून भागत नाही. रेघ नसेल तर कोरडं स्वच्छ फडकं आणि डब्ल्यूडी-40 चा हलका फवारा, मग पुन्हा पुसणं. प्लगच्या वायरी कुठे फुटल्यात हे बघायला दिवे गेलेली रात्र उत्तम: बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा, जिथून गळतंय तिथे निळं नाचताना दिसतं. हात मात्र लांब.

बरेच जण आता पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवतात. चालतं छान, गॅपची कटकट जाते. पण ते किट रविवारी संध्याकाळी गुहागरात बंद पडलं तर ते तिथे दुरुस्त होणार नाही. पॉइंट मात्र नखाच्या आकाराच्या काचपेपरवर परत येतात. किट बसवलंत तरी जुनी प्लेट, पॉइंट आणि चालू हालतीतला कंडेन्सर डिकीत ठेवा. चालू हालतीतला म्हणजे गाडीवर लावून बघितलेला. हल्ली नवीन खोक्यातला कंडेन्सरही पहिल्याच दिवशी दगा देतो.

पॉइंटच ठेवले असतील तर चतुर्थीला आलेल्या माणसाने बॅटरी भरून, अर्थ घासून, सेल्फ गरगर फिरतोय याची खात्री करून घ्यावी आणि तरीही गाडी पकडत नसेल तर मेकॅनिकला फोन लावण्याआधी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढावी. तीन महिने हवेत राहिलेल्या पॉइंटवर डोळ्यांना न दिसणारा थर धरतो आणि तेवढ्यावर करंट अडतो. काचपेपर एकदा हलकेच फिरवा, मग लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची पट्टी पेट्रोलमध्ये बुडवून मिटलेल्या पॉइंटमधून ओढा, आणि शेवटी कोरडी पट्टी. ती काळी निघणं बंद झालं की टोपी लावून सेल्फ मारा.